नळाचें पाणी आणि घरचा हौद

शेतकीच्या मासिकांत शहरच्या नळाची चर्चा कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या भागांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांचें एक पाऊल अजून बांधावर असून दुसरें लोकलच्या पायरीवर असतें. मुलगा सकाळीं विठ्ठलवाडी स्टेशनावर गाडी धरतो आणि बाप गांवीं भाताचें रोप पाहतो. अशा घरांत विहिरीच्या पाण्याची जी वहिवाट हाडांत मुरलेली असते, ती नळाच्या पाण्यास लागू पडत नाहीं. आणि हें वेळेवर ध्यानांत न आल्यास काय होतें तें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे.

विठ्ठलवाडी हें कल्याणहून कर्जतकडे जातांना लागणारें पहिलें स्टेशन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या परिसरांत लष्करी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यांत आली, आणि १९४९ सालीं या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. सैनिक आज येतो, उद्यां जातो. त्याच्यासाठीं बांधलेल्या बराकींभोंवतीं पुढें संसार, दुकानें व कारखाने दाटीनें उभे राहिले. घरांकडे जाणारे नळ गटाराच्या कडेनें, आणि कोठें कोठें गटारांतूनच, गेलेले दिसतात याचें मूळ या दाटीवाटींत आहे.

दाराशीं नदी नाहीं असें नाहीं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाजवळून येणारी वालधुनी याच वस्तींतून कल्याणकडे वाहत जाते. परंतु कारखान्यांचीं रसायनें व गटारांचें पाणी पोटांत घेतल्यामुळें तिच्या कांठीं नाकास पदर लावून उभें राहावें लागतें. म्हणून पाणी लांबून आणावें लागलें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी धरण १९७२ सालीं झालें व उल्हासनगरची महापालिका त्या महामंडळाकडून पाणी घेते. पुढें धरणाची उंची वाढविल्यावर २०१९ च्या पावसाळ्यांत वाढीव पातळीपर्यंत पाणी चढलें व आणखी जमीन बुडाली. म्हणजे नळास येणाऱ्या प्रत्येक हंड्याखालीं कोणाचें तरी भातखाचर आहे. महसूल खात्यांत हयात गेल्यामुळें भूसंपादनाच्या नोटिसा लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर पुष्कळदां आला. ओटीवर पाणी ओसंडून जातांना पाहिलें कीं त्या नोटिसांतील सर्व्हे नंबर आठवतात.

आतां आमच्या घरची हकीकत. दोन वर्षांपूर्वीं आमच्या गल्लींत पाणी दिवसाआड, तेंही तास-दीड तास येत असे, आणि धार करंगळीएवढी. शेजाऱ्यांनीं नळावर मोटारी बसविल्या, म्हणून आम्हींही अर्ध्या अश्वशक्तीची एक आणून थेट नळास जोडली. टाकी चटकन भरूं लागली व आम्ही स्वतःस शहाणे समजूं लागलों. शेजारच्या वृद्ध सिंधी बाई, ज्यांस आमच्या घरांतील सर्वजण दादी म्हणतात, त्या एक दिवस दारांत येऊन म्हणाल्या, “भाऊ, तुमची मोटर सुरू झाली कीं माझा नळ नुसता फुसफुसतो. मी पाणी कोठून आणूं?” आम्हीं त्यांस चार कळशा दिल्या, मोटर मात्र काढली नाहीं.

श्रावणांत आमच्या नातवास कावीळ झाली. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. आम्हीं म्हटलें, पाणी तर स्वच्छ दिसतें. ते म्हणाले, कावीळ दूषित पाणी पोटांत गेल्यावर कित्येकदां महिन्याभरानें दिसूं लागते, तेव्हां आज पेल्यांत काय दिसतें यावरून कांहीं ठरत नाहीं. मग आठवलें कीं, मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोनतीन वेळां मोटर सुरू करतांच पाण्यास वास आला होता व आम्हीं तो पावसाचा समजून सोडून दिला होता. संबंधित कचेरींत अर्ज दिला. पोंच त्याच दिवशीं मिळाली, माणूस नवव्या दिवशीं आला. कारकुनानें कारकुनास दोष देणें शोभत नाहीं, म्हणून याविषयीं अधिक लिहीत नाहीं. गटारांतील गाळ काढल्यावर आमच्या जोडणीचा लोखंडी नळ तीन ठिकाणीं गंजून भोंके पडलेला दिसला.

यांतील कार्यकारणभाव शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. चोवीस तास भरलेल्या नळांत आंतील दाब बाहेरच्यापेक्षां अधिक असतो. भोंक पडलें तर पाणी बाहेर जातें, घाण आंत येत नाहीं. दिवसाआड पाणी येणारा नळ बहुतेक वेळ रिकामा असतो, आणि त्याच्या बाहेर गटार तुडुंब असतें. तशांत मोटर थेट नळास लावली म्हणजे ती जशी धरणाचें पाणी ओढते तशीच भोंकांतून गटाराचेंही ओढते. शिवाय शेजाऱ्याच्या वांट्याचें पाणी जातें तें निराळें. मोटर हें यंत्र वाईट नव्हे. तिची जागा चुकली होती.

योग्य जागा म्हणजे घरचा हौद. नळाचें पाणी आपल्या दाबानें जमिनींतील हौदांत पडूं द्यावें आणि मोटर हौदांतून गच्चीवरील टाकींत चढवावी. चार फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल हौदांत छत्तीस घनफूट, म्हणजे सुमारें एक हजार लिटर पाणी राहतें. शहरांत माणशीं रोज १३५ लिटर हें सरकारी प्रमाण धरलें, तर पांच माणसांस दीड दिवसाचीच बेगमी झाली. दिवसाआड पाण्यास थोडें हात राखूनच वापरावें लागतें. हौदाचें तोंड जमिनीपासून वीतभर उंच असावें व झांकण घट्ट बसावें. पाणी आल्यावर पहिलीं पांच मिनिटें तें हौदांत न सोडतां बादलींत घ्यावें व मोरी धुण्यास वापरावें. रिकाम्या नळांत सांठलेली घाण याच पाण्याबरोबर निघते.

घरांतील गळती हा निराळाच चोर आहे. आमच्या न्हाणीघरांतील ठिबकणाऱ्या तोटीखालीं रात्रीं दहा वाजतां कळशी ठेवली ती सकाळीं सहास काठोकाठ भरली होती. संडासाच्या टाकींत निळीचे चार थेंब टाकून अर्धा तास कोणी पाणी सोडूं नये. भांड्यांत निळें पाणी उतरलें तर आंतील रबर गेलें असें समजावें.

पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन शिल्लक आहे कीं नाहीं हें ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाहतां येतें. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. लिटरांत निदान ०.२ मिलिग्रॅम असावें. रंग न आल्यास, अथवा पावसाळ्यांत संशय आल्यास, पिण्याचें पाणी चांगली उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळावें. तें झांकून ठेवावें व लांब दांड्याच्या ओगराळ्यानें घ्यावें. हात बुडवून पेला भरला कीं उकळण्याचे श्रम फुकट गेले. पिंपें आठवड्यांतून एकदां रिकामीं करून आंतून घासावीं. डेंग्यूचा डास स्वच्छ सांठवणीच्या पाण्यावर वाढतो आणि त्याचीं अंडीं कोरड्या पिंपाच्या कडेसही महिनेच्या महिने जीव धरून राहतात, म्हणून नुसतें ओतून टाकणें पुरत नाहीं.

गांवाकडच्या वाचकांसाठीं विहिरीविषयींही लिहावयास हवें. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरांत मोजावी. व्यासाचा वर्ग करून खोलीनें गुणावा, तो पुन्हां ३.१४ नें गुणून चारांनीं भागावा. जे घनमीटर येतील त्यांस हजारानें गुणिलें कीं लिटर झाले. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत दोन मीटर पाणी असेल तर तें सुमारें १४,१३० लिटर भरतें. दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, या हिशेबानें ३५ ग्रॅम लागेल. ती बादलींत कालवून दहा मिनिटें निवूं द्यावी, वरचें पाणी दुसऱ्या बादलींत घ्यावें, व ती बादली दोरानें विहिरींत बुडवून हालवावी. तळाचा चुना विहिरींत टाकूं नये. हें रात्रीं करावें, म्हणजे सकाळपर्यंत औषध मुरतें. वालधुनीसारख्या कारखान्यांच्या ओढ्यालगत विहीर असेल तर मात्र पावडरीवर विश्वासूं नये. तिनें जंतु मरतात, रसायनें जात नाहींत. तें पाणी तपासून घेतल्याशिवाय तोंडांत घालूं नये.

आमच्या गल्लींत चार घरांनीं वर्गणी काढून नवे नळ गटाराच्या वरून भिंतीच्या कडेनें घेतले. मोटारी काढण्यास दोन घरांनीं कुरकुर केली. त्यांस आमच्या नातवाचे डोळे किती पिवळे झाले होते याची आठवण द्यावी लागली. नातू आतां बरा असून शाळेंत जातो. दादींच्या नळास धार येते कीं नाहीं हें पाण्याच्या दिवशीं आम्ही स्वतः जाऊन पाहतों. गेल्या खेपेस त्यांचीं दोन्ही पिंपें चाळीस मिनिटांत भरलीं.