जिवंत पेशींच्या निरीक्षणाची सिद्धता

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून पेशी पाहिल्याचे शाळेत शिकलेल्या बहुतेकांस स्मरत असेल. त्या पेशी स्पष्ट दिसतात. मात्र आयोडीनने त्या मेलेल्या असतात. पेशी दुभंगते कशी, विषाणू शिरल्यावर तिचे काय होते, हे पाहावयाचे तर ती सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास जिवंत राहिली पाहिजे.

महाराष्ट्राला या विद्येचा वारसा आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

आज बिदर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, तर कलबुर्गी जिल्ह्यात कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे. अशा भागात प्रयोगशाळा सज्ज करताना प्रथम महागडा सूक्ष्मदर्शक घ्यावा, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे.

पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात. म्हणून भिंगे खालच्या बाजूस असलेला उलट्या रचनेचा सूक्ष्मदर्शक लागतो, हे खरे. बशीचा तळही सुमारे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेचा असावा. परंतु मानवी पेशींना ३७ अंश सेल्सियस उष्णता, पुरेशी आर्द्रता व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा सतत मिळाली नाही, तर उत्तम भिंगातून केवळ मरणाऱ्या पेशीच दिसतील. गाईच्या भ्रूणासाठी हेच तापमान साडेअडतीस अंश ठेवतात. वायूचे प्रमाण ढळले की पोषकद्रवाचा लाल रंग जांभळट होऊ लागतो. दक्ष सहायकास तो पुरेसा इशारा असतो. प्रखर प्रकाशही पेशींना घातक. त्यामुळे दिवा अखंड न लावता काही मिनिटांच्या अंतराने क्षणभर लावून छायाचित्रे घेतात.

इन्क्युबेटर केवळ ऊब देतो, गारवा देत नाही, ही गोष्ट कलबुर्गीसारख्या ठिकाणी फार महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला आणि खोली तापली, तर पेटीतील तापमान ३७ वर ठेवणे त्याला अशक्य होते. म्हणून वातानुकूलन ही येथे चैन नव्हे. वीज खंडित झाली तर पेशी थंड वा गरम होतातच. शिवाय धातूचे भाग आकुंचन-प्रसरण पावून फोकस सरकतो आणि रात्रभराचे चित्रण वाया जाते. पेशीचा आकारच मुळी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा! तेव्हा अंदाजपत्रकात बॅटरीसंच, जनित्र आणि रहदारीच्या हादऱ्यांपासून दूर, तळमजल्यावरील खोली यांची तरतूद सूक्ष्मदर्शकाच्या आधी हवी.

पेशींच्या साठवणुकीचे साधन मात्र पशुपालकांना नवीन नाही. देवणी गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गोठविलेले रेत द्रवरूप नत्राच्या ज्या पिंपात, उणे १९६ अंशांवर ठेवतात, तशाच पिंपात पेशीही वर्षानुवर्षे टिकतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेली व आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरविते. पेशी येण्यापूर्वी नत्राचा नियमित पुरवठा ठरलेला असावा. पिंप रिकामे पडले तर साठा परत मिळत नाही.