बोरूच्या चटईवरची द्राक्षे

ऑस्ट्रिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आल्प्सची हिमशिखरे उभी राहतात आणि व्हिएन्नाचे संगीत आठवते. त्या देशाचा पूर्वेकडील कोपरा मात्र सपाट आहे. तेथे हंगेरीच्या सरहद्दीवर नॉयझीडल नावाचे सरोवर पसरले आहे. विस्तार सुमारे ३२० चौरस किलोमीटर, पण खोली इतकी बेताची की उंच माणूस त्यात बहुतेक ठिकाणी उभा राहू शकेल. काठाने बोरूसारखे उंच गवत दाट माजलेले असते. जर्मन भाषेत त्याला ‘शिल्फ’ म्हणतात, आणि त्याच्याच नावाने तेथे एक गोड वाइन ओळखली जाते : शिल्फवाइन.

मद्याचा विषय निघाला की सभेत थोडी चुळबुळ होते, हे आम्ही जाणतो. पिण्याची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे कुतूहल एवढेच, की या वाइनमध्ये गोडी येते कोठून?

द्राक्षाच्या रसातील साखर किण्व खातात आणि तिचे मद्यार्कात रूपांतर करतात. सारी साखर संपली तर वाइन कोरडी होते. पण रस मुळातच फार दाट असला तर किण्व मध्येच थकतात आणि उरलेली साखर तशीच राहते. तेव्हा खरा प्रश्न साखर घालण्याचा नसून पाणी काढण्याचा आहे. या सरोवराकाठी शरदातील धुक्यामुळे द्राक्षांवर एक करडी बुरशी धरते. तिने साल सच्छिद्र होते व पाणी उडून जाते. पश्चिम काठावरील रुस्ट गावची प्रसिद्ध ‘आउसब्रुख’ वाइन अशा द्राक्षांची. दुसरा उपाय थंडीचा : घड वेलीवर गोठू द्यायचे आणि गोठलेलेच पिळायचे, म्हणजे पाण्याचा बर्फ मागे राहतो.

शिल्फवाइनची रीत याहून साधी आहे. निरोगी, पुरते पिकलेले घड तोडून ते या गवताच्या चटयांवर, हवा खेळेल असे पसरतात. गव्हाचा काड वापरला तर तिचे नाव ‘स्ट्रोवाइन’. साधारणपणे तीन महिने तरी घड तसेच ठेवावे लागतात. सडका मणी वेळीच वेचला नाही तर शेजारचेही बिघडतात. तासगावचा बेदाणा पाहिलेल्यास यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की हे मणी पुरते वाळण्याच्या आत पिळले जातात. रस फार थोडा निघतो. आपल्या वैद्यांच्या द्राक्षारिष्टातही वाळलेली द्राक्षेच असतात, पण तेथे गूळ उघडपणे घालतात.

येथे मात्र सगळी भिस्त विश्वासावर. १९८५ साली तोच विश्वास उडाला. काही व्यापाऱ्यांनी पातळ वाइन दाट व गोड भासावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. मोटारीच्या इंजिनातील पाणी गोठू नये म्हणून वापरतात त्या जातीचा हा द्रव! निसर्ग तीन महिन्यांत जे करतो ते यांना एका रात्रीत हवे होते. ऑस्ट्रियाची निर्यात कोसळली, आणि ज्यांनी कधी थेंबही मिसळला नव्हता त्या शेतकऱ्यांचा मालही पडून राहिला. आम्हाला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत क्लेशकारक वाटते.

त्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. रसातील साखर मोजण्याचे तेथील माप सुटसुटीत आहे : शंभर किलो रसात जितके किलो साखर, तितके अंश. साध्या दर्जेदार वाइनला १५ अंश पुरतात. शिल्फवाइनला निदान २५ लागतात, आणि ते वरून साखर न घालता. पूर्व काठावरील इल्मिट्झ गावच्या आलोइस क्राखर यांच्यासारख्यांनी पुढे आपल्या गोड वाइननी या प्रदेशाची गेलेली पत परत मिळवली. क्राखर २००७ साली निवर्तले. आज तेथील दर्जेदार वाइनच्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी असते, आणि चिठ्ठीवर सरकारी तपासणीचा क्रमांक.