फरचा कोट : चूक की बरोबर?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मुलांना विचारून बघा, "प्राण्याच्या फरचा कोट घालावा का?" वर्गातून एका सुरात उत्तर येईल, "नाही!" उत्तर चांगल्या मनातून आलेलं असतं. पण तिथेच थांबलो तर धडा अर्धाच राहतो.

फर म्हणजे केसांसकट कमावलेलं कातडं. आज बाजारात येणारी बहुतेक फर पिंजऱ्यात वाढवलेल्या प्राण्यांची असते. डेन्मार्क मिंक या प्राण्याच्या फरसाठी प्रसिद्ध होता. तिथल्या मिंकमध्ये कोरोनाचा विषाणू पसरला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारने देशातले सगळे मिंक, सुमारे दीड कोटी, मारायचा आदेश दिला. हजारो प्राणी एका जागी कोंडून ठेवले की रोग किती झपाट्याने पसरतो, ते जगाने पाहिलं.

आता कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावुतमध्ये जाऊ. इथे इनुइट लोक राहतात. बर्फामुळे शेती नाही, झाडं नाहीत. सील मासे नव्हेत, सस्तन प्राणी आहेत. त्यांचं मांस हे इथलं अन्न, कातड्याचे बूट-कपडे आणि पूर्वी चरबीच्या तेलाचा दिवा. शिकारीचा वाटा घरोघरी वाटायचा, ही इथली रीत.

1983 मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली. इनुइट प्रामुख्याने मोठ्या, वेगळ्या जातीच्या सीलची शिकार करतात. तरी ग्राहकाने सगळ्याच सीलकडे पाठ फिरवली, भाव कोसळले आणि शिकारीच्या इंधनालाही पैसे उरेनात. 2009 च्या बंदीत इनुइटांना सवलत दिली, पण मोडलेला बाजार काही सावरला नाही.

"मग नकली फर वापरू," असं एखादा हुशार विद्यार्थी म्हणेलच. त्यात प्राणी मरत नाही, हे खरं. पण ती बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरची, म्हणजे खनिज तेलापासून बनते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही.

म्हणून मुलांना हो-नाही विचारू नका. प्राणी कसा वाढला? किती मारले? त्यातलं वाया किती गेलं? बंदी आली तर कोणाची चूल विझेल? हे चार प्रश्न फळ्यावर लिहा. मग तेच प्रश्न आपल्या कोल्हापुरी चपलेला आणि तबल्याच्या पुडीलाही लावायला सांगा. वर्ग थोडा वेळ गप्प होईल. होऊ द्या, मुलं तेव्हाच विचार करत असतात.