बालहट्ट आणि परसातली बदके

आपल्याकडे तीन हट्ट प्रसिद्ध आहेत : राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट. यांपैकी राजहट्टाचा निकाल १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हाच लागला, असे ग्वाल्हेर-बडोद्याकडचे वाचक म्हणतील. (मंत्र्यांचे हट्ट हा निराळा विषय.) स्त्रीहट्टाचा उल्लेख ज्या सुरात केला जातो त्यावरून ही यादी कोणी केली असावी हे उघड आहे, तेव्हा त्याविषयी न बोललेले बरे. उरला बालहट्ट. तो मात्र कोणत्याही घटनादुरुस्तीला दाद न देता घरोघरी सुखेनैव राज्य करीत आहे.

बालहट्टावरचा आपला परंपरागत उपाय म्हणजे आरशातला चंद्र. रामाने आकाशातला चंद्र मागितला, त्याच्या हाती आरसा दिला, आणि त्यात चंद्र पाहून रामराया शांत झाले. ही युक्ती पुष्कळ मुलांवर चालते. पण काही मुले आरसा उलटा करून चंद्र मागे कुठे आहे हे पाहणारी असतात. आमची कन्या त्या जातीची. चार वर्षांची असताना तिने डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालण्याचा निश्चय केला आणि तीन दिवस तशीच चालली. ‘‘दुखते का?’’ म्हणून विचारले, तर ‘‘दुखते, पण मला चालते,’’ असे उत्तर मिळाले.

अशी मुले आईच्या लाडाने बिघडतात, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास सुरू केला व तो कित्येक वर्षे चालविला. मुलाचे सगळे वागणे संगोपनातून, त्यातही आईच्या संगोपनातून घडते, असे मानण्याकडे तेव्हा तिकडेही कल होता. या दोघांना आढळले ते असे, की स्वभावाची काही अंगे मूल येतानाच घेऊन येते. एखादी गोष्ट धरली की न सोडणे, हेही त्यांपैकीच एक. मूल सुखाने वाढेल की नाही हे त्या स्वभावापेक्षा, त्याचा आणि घराचा मेळ कसा बसतो यावर अधिक अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. हे वाचून मला बरे वाटले. पण मेळ बसवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरी त्याचे थोडेफार उत्तर मिळाले ते बदकांच्या निमित्ताने.

बदके आमच्याकडे आली ती मुलीसाठी नव्हे, गोगलगायींसाठी. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना परसातल्या आळवाची, भेंडीच्या रोपांची आषाढात काय दशा होते हे सांगायला नको. औषध फवारण्याची सासूबाईंना धास्ती. बदके गोगलगायी आवडीने खातात, हे भातशेतीच्या भागात जुनेच ज्ञान आहे. जपानात फुकुओका जिल्ह्यातील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून भाताच्या खाचरात बदके सोडून तण आणि किडी आवरण्याची पद्धत बसविली व ती आशियातील अनेक देशांत पोचली. आमचे खाचर म्हणजे विहिरीपासून मोरीपर्यंतचे परडे. तेवढ्यासाठी सहा पिल्ले आणली.

जात खाकी कँपबेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अ‍ॅडेल कँपबेल या गृहिणीने आपल्या घरच्या बदकांतून ही जात तयार केली. म्हणजे हेही परसातलेच संशोधन. त्यासाठी तिने जी ‘इंडियन रनर’ बदके वापरली ती मूळची इंडोनेशियाकडची. नाव एका मुलखाचे आणि मूळ दुसऱ्या, याचे सीमाभागात राहणाऱ्या माणसाला विशेष नवल वाटू नये. चांगली निगा असेल तर ही मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते. परसात त्याहून कमीच. पण अंड्यांवर बसण्याचा तिला कंटाळा! त्यामुळे ही अंडी खुडूक कोंबडीखाली नाही तर यंत्रात अठ्ठावीस दिवस उबवावी लागतात, आणि यंत्रातून निघालेल्या पिल्लांना आई नसते.

म्हणून पहिले तीन आठवडे आई म्हणजे खोक्यावर टांगलेला दिवा. इथे मुलीचा आणि बदकांचा पहिला संबंध आला. दिवा किती उंच ठेवायचा, यावर तिचे आणि तिच्या वडिलांचे वाजले. यांनी वाद घालण्याऐवजी तिला एवढेच सांगितले, की पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि चोची उघडून कोपऱ्यात पळाली तर उकडते आहे. निवांत पसरून झोपली की दिवा बरोबर आहे असे समजावे. झाले! त्या दिवसापासून दिव्याच्या दोरीचा ताबा तिच्याकडे गेला. बापाचे ऐकायचे नाही हा तिचा बाणा. पिल्लांचे ऐकायला हरकत नव्हती. सूचना माणसाच्या तोंडून आली की ती आज्ञा होते, आणि समोरच्या वस्तुस्थितीतून आली की माहिती होते. हट्टी मुलाला आज्ञा सोसत नाही. माहितीची मात्र त्याला भूक असते.

पिल्लांच्या आहाराविषयी दोन शब्द इथेच सांगते, कारण चूक झाली तर पिल्ले हातची जातात. कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य चालते. पण बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व त्यांहून बरेच अधिक लागते, ते कमी पडले की पाय वाकतात. खाद्यात थोडे यीस्ट मिसळावे. खाद्य नेहमी ओले करून द्यावे आणि शेजारी पाणी असावे. पाणी एवढे खोल, की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू बुडणार नाही. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका चुकूनही देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी आणि बदकांची पिल्ले मेली ती अशाच पेंडीने. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. आणि बदक म्हणजे पाणी हे खरे असले, तरी आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिले काही आठवडे पोहू देऊ नये. ती भिजून गारठतात. मोठ्या बदकांनाही तळे लागतेच असे नाही. डोके बुडवून डोळे-नाक धुता येईल एवढे घमेले पुरते. ते पाणी रोज बदलावे आणि केळीच्या बुंध्याशी ओतावे. केळी काय फोफावतात!

पोहायचे नाही, हा नियम कन्येला पटला नाही. ‘‘बदकाला पाण्यात नको म्हणायचे?’’ हा प्रश्न तसा बिनतोड होता. पण या नियमात बोलणी नव्हती, आणि हे तिला एकदाच सांगितले. आमच्या घरी तोवर नियमांची संख्या फार होती. केस असेच बांध, दूध आत्ताच पी, लाल फ्रॉक नको. बदके आल्यावर यांनी आणि मी बसून ठरविले, की जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे ‘नाही’ म्हणजे नाही, आणि बाकीच्या ठिकाणी तिचे चालू द्यायचे. त्यामुळे केस विस्कटलेले राहू लागले. सासूबाईंना ते अजून खपत नाही. पण पिल्ले कोरडी राहिली.

बदकांना हाकणे हा तर एक अभ्यासच आहे. पिल्ले मोठी झाल्यावर संध्याकाळी त्यांना खुराड्यात नेण्याचे काम तिने मागून घेतले. पहिल्या दिवशी ती आरडाओरडा करीत मागे धावली आणि सहा बदके सहा दिशांना गेली. बदक कळपाचे आहे. एकटे पडले की ते घाबरते आणि घाबरले की मुळीच ऐकत नाही. बातुकोळी (कानडीत बदकाला हेच म्हणतात) हाकायला ‘निधान’ लागते, असे भाजी घेऊन येणाऱ्या बाईने तिला सांगितले. निधान म्हणजे सावकाश. हातात आडवी काठी धरायची, बाजूने हळू चालायचे, आणि ती थबकली की आपणही थांबायचे. मग पुढचे बदक आपणहून वळते आणि बाकीची ओळीने मागे जातात. आठवड्याभरात तिला ते साधले. बदके तिच्याशी कानडीत बोललेली अधिक ऐकतात, असे तिचे मत झाले आहे. मराठी घरात ही गोष्ट थोडी झोंबते. पण इलाज नाही.

बदकांवरून मुलांविषयी सिद्धांत काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मल्यानंतर लगेच जे हलताना दिसेल त्यालाच पिल्लू आई मानते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. रानबदकांची पिल्ले आपल्या मागे यावीत म्हणून ते गवतात उकिडवे बसून बदकासारखे ओरडत रांगत असत. उठून उभे राहिले की पिल्ले त्यांना ओळखेनाशी होत. कुंपणाबाहेरच्या लोकांना पिल्ले दिसत नसत, दिसे ते फक्त क्वॅक क्वॅक करणारे दाढीवाले गृहस्थ. आईबापांनी मुलाच्या उंचीवर यावे म्हणून हा दाखला देण्यासारखा आहे खरा. पण पिल्लू आंधळेपणाने मागे येते, आणि आमची कन्या डोळसपणाने येत नाही. तिला मागे आणण्यात अर्थ नाही, कामाला लावण्यात आहे. हे आपल्याकडेही सांगितले गेले आहे. तारा मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणात उतरल्या, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा नेली. जनावर सोडून मूल शाळेत येईना, तर शाळा जनावरापाशी!

आता कडीची गोष्ट. मुंगूस, घूस, मांजर, भटके कुत्रे हे सगळे बदकाचे वैरी, आणि बदक रात्री अगदीच निराधार असते. संध्याकाळी खुराड्याची कडी लावणे हे कन्येचे काम. ‘मुलाला जबाबदारी द्या, विसरले तर परिणाम भोगू द्या, म्हणजे शिकेल’ असा सल्ला सध्या पुष्कळ ऐकू येतो. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. डबा विसरला तर मूल उपाशी राहते आणि शिकते, हे ठीक. कडी विसरली तर मरते ते बदक. एका जिवाच्या मोबदल्यात दुसऱ्याला शहाणपण विकत घेऊन देणे मला पटत नाही, आणि तसे मेलेले बदक सात वर्षांच्या मनावर किती वर्षे बसेल याचा हिशोबही कोणी देत नाही. म्हणून रात्री नऊ वाजता हे बॅटरी घेऊन कडी पाहून येतात, आणि ते तिच्यापासून लपविलेले नाही. प्रथम ती रागावली. ‘‘माझ्यावर विश्वास नाही?’’ यांनी सांगितले, ‘‘तुझ्यावर आहे, मुंगसावर नाही.’’ त्यावर तिने रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवसापासून ती झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचे बटण बंद आहे की नाही ते पाहते. तुम्ही माझी कडी बघा, मी तुमचा गॅस बघते! हा परिपाठ अजून एकदाही चुकलेला नाही.

अंडी साडेचार-पाच महिन्यांनी सुरू झाली. बदके पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत अंडी घालतात, तेव्हा तोवर त्यांना कोंडून ठेवावे. नाहीतर अंडी चिखलात, पाण्यात, मोरीत, वाटेल तिथे पडतात. अंडी पूर्ण शिजवूनच खावीत. अर्धवट उकडलेले नको. बदकांना हात लावला की साबणाने हात धुणे, हा आमचा दुसरा न बदलणारा नियम. तिसरा असा, की मेलेला पक्षी मुलांनी शिवायचा नाही आणि एकाएकी पक्षी मरू लागले तर लगेच पशुवैद्यांना कळवायचे. २००६ साली नवापूरला कोंबड्यांत आणि २०१४ साली केरळच्या कुट्टनाडात बदकांत बर्ड फ्लू आला तेव्हा काय झाले ते आठवावे. बदकांच्या प्लेगाची लस टोचून घ्यावी, हेही त्यातच आले.

आणि मग नरांचा प्रश्न निघाला. नर-मादी ओळखणे सोपे : मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज बसलेला असतो आणि पुढे त्याच्या शेपटीवर वळलेले पीस येते. आमच्या सहांत दोन नर निघाले. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. अधिक झाले की ते माद्यांना छळतात, मानेमागची पिसे उपटून काढतात. एक नर द्यायचा असे ठरले. कन्येने साफ नकार दिला. ती रडली नाही. खुराड्याच्या दाराशी पाट मांडून बसली आणि जेवायलाही उठेना.

मी समजूत घातली नाही. एका मादीला दोन्ही हातांनी अंगाभोवती धरून (पाय धरून बदक कधीही उचलू नये, पाय फार नाजूक असतात) तिच्यापाशी नेले आणि मानेमागची जागा दाखविली. कातडी लाल झाली होती. तिने बोट लावून पाहिले. मग दुपारभर ती त्या सहा बदकांकडे पाहात बसली. संध्याकाळी तिने एकच विचारले : ‘‘ज्याच्याकडे जाईल तो त्याला खाईल का?’’

‘नाही’ म्हणणे अगदी सोपे होते. तो आरशातला चंद्र झाला असता. मी म्हटले, माद्या आहेत पण नर नाही असा भातवाला शेतकरी आपण शोधू, म्हणजे त्याला तो पाळायलाच हवा असेल; पण उद्या तो काय करील याची हमी मला देता येणार नाही. शेतकरी मिळाला. कोणता नर द्यायचा हे तिनेच ठरविले. टोपलीवर कापड तिनेच बांधले. नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मीही तिला बोलते करण्याची घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने विहिरीच्या कठड्यावर खडूने एक रेघ मारली. मादीच्या मानेवरची पिसे परत यायला किती दिवस लागतात ते तिला मोजायचे आहे. आज अकरावी रेघ पडली. कोवळ्या पिसांचे खुंट दिसू लागले आहेत.