काजळीचा हिशेब

चंदीगड आणि ट्रॅक्टर यांचे नाते जुने आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आकाराला आलेला देशी ‘स्वराज’ ट्रॅक्टर प्रत्यक्षात तयार झाला तो चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत. १९७० मध्ये तेथे पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या काळी वेळेवर तेलपाणी आणि हवेच्या गाळणीची सफाई केली की ट्रॅक्टरची बरीचशी निगा राखली जाई. आता काही ट्रॅक्टरांत धुराच्या गाळणीची भर पडली आहे.

गाळणीचे कार्य

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरांना ‘ट्रेम-४’ हे धुराचे कडक निकष लागू झाले. ज्या ट्रॅक्टरांत डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर बसविलेला असतो, त्यांतील काजळी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत अडकते. इंजिनावर भरपूर भार असला की तापलेल्या धुरामुळे ती आपोआप जळत राहते. भार हलका असेल, तर ती साचते. मग इंजिन जादा डिझेल वापरून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. या क्रियेस ‘रीजनरेशन’ म्हणतात.

बारा महिन्यांचे गणित

चंदीगडच्या आसपासच्या भातपट्ट्यात पेंढा न जाळता गहू पेरण्यासाठी सुपर सीडर वापरतात. हे अवजार चालविण्यास ५० अश्वशक्तीहून मोठा ट्रॅक्टर लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या कामात गाळणी स्वच्छ राहते. मात्र उरलेल्या वर्षात तोच ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली ओढतो किंवा मंडईच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभा राहतो, आणि काजळी नेमकी तेव्हाच साचते. साखर कारखान्याच्या गाडीतळावर ताटकळणाऱ्या आपल्याकडील ट्रॅक्टरांनाही हे लागू पडते.

दक्षता

फलकावर रीजनरेशनचा दिवा लागल्यास शक्यतो काम चालू ठेवावे. मध्येच इंजिन बंद करू नये. उभ्याने रीजनरेशन करण्याची सूचना आल्यास ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभा करावा. या क्रियेस साधारणतः २० ते ४० मिनिटे लागतात. त्या वेळी सायलेन्सर अतिशय तापतो. म्हणून पेंढा, पाचट वा गवत जवळ असता कामा नये. जो पेंढा जाळू नये म्हणून यंत्र घेतले, तोच त्या यंत्राने पेटावा, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

ही क्रिया वारंवार अर्धवट राहिल्यास इंजिनाची शक्ती घटते आणि सेवा केंद्र गाठावे लागते. काही इंजिनांत जादा डिझेल वंगणतेलात मिसळून त्याची पातळी वाढते. तेव्हा तेलाची पट्टी नियमित पाहावी. वंगणतेल उत्पादकाने सांगितलेले, कमी राख सोडणारेच वापरावे. काजळी जळते, पण तेलाची राख जळत नाही. ती काढण्यासाठी गाळणी ठरावीक तासांनी सेवा केंद्रातच साफ करावी लागते. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. त्यामुळे नियमभंग होतो आणि वॉरंटीही धोक्यात येते.

बँकेच्या दृष्टीने

ट्रॅक्टर बँकेकडे नजरगहाण असतो आणि हप्ते बहुधा सुगीला जोडलेले असतात. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला, तर भाड्याचे उत्पन्न बुडते आणि त्याची झळ पुढील हप्त्याला बसते. म्हणून कर्जमंजुरीपूर्वी अर्जदाराकडे जमीन किती, एवढेच विचारून भागणार नाही. वर्षातील किती तास जड काम आणि किती तास हलके, हेही विचारावे. पाच-सात एकरांवरील हलक्या कामासाठी कदाचित लहान ट्रॅक्टर पुरेल. सुपर सीडरची गरज तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने भागविता येईल. कर्ज दिल्यानंतरच्या पाहणीतही तासमापक आणि सर्व्हिसची नोंदवही अवश्य पाहावी.

हप्ता थकू लागला की तो वेळीच फेडणे सोपे असते. साचला की जड होतो. काजळीचेही तसेच आहे.