सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार ओरिजनल आहे की कॉपी, कसं ओळखायचं?

वऱ्हाडात राहून चांगल्या ब्रँडची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं तर बहुतेक जण नागपूर नाहीतर पुणे गाठतात. ज्यांचं बजेट कमी, ते ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस उघडतात. मी अमरावतीचा आणि कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे ओळखीतली पोरं मला अशा जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवत असतात. "भाऊ, ही घेऊ का?"

मध्ये अकोल्याच्या मावसभावाने एक पाठवला. फेंडर स्ट्रॅटोकास्टर, किंमत २२ हजार. अमेरिकन फेंडर नवीन घेतली तर लाखाच्या वर जाते, म्हणजे किंमत बघूनच शंका यायला हवी. मी त्याला गिटारच्या डोक्याच्या मागच्या बाजूचा, म्हणजे हेडस्टॉकच्या पाठीचा फोटो मागवायला लावला. त्यावरच्या सिरीयल नंबरची सुरुवात होती 'आयसीएस'. विषय तिथेच संपला.

का, ते सांगतो. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. आयसीएस म्हणजे इंडोनेशिया, कोर्ट कंपनीचा कारखाना आणि स्क्वायर. पुढचे दोन आकडे साधारणपणे वर्षाचे. म्हणजे गिटार खोटी नव्हती, स्क्वायर होती. कोणीतरी पुढचा लोगो घासून 'फेंडर' असं स्टिकर चिकटवलं होतं. असे स्टिकर ऑनलाइन सर्रास मिळतात. याउलट २०१० नंतरच्या अमेरिकन फेंडरवर बहुतेक 'यूएस' आणि मेक्सिकोत बनलेल्यावर 'एमएक्स' असतं. फक्त 'मेड इन इंडोनेशिया' वाचून कॉपी ठरवू नका हं, २०२५ पासून फेंडरची स्टँडर्ड सिरीज तिकडेच बनते.

सिरीयल नंबर म्हणजे आयएमईआय नव्हे

जुना मोबाईल घेताना आपण *#०६# डायल करतो आणि 'केवायएम' लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करतो. फोन ब्लॅकलिस्ट आहे का, ते लगेच कळतं. गिटारचं तसं नाही. फेंडरच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघता येतो, पण नंबर सापडला याचा अर्थ एवढाच की त्या नंबरची एक गिटार कुठेतरी बनली होती. कॉपी करणारे खऱ्या गिटारचा नंबर उचलून शेकडो गिटारवर छापू शकतात.

म्हणून नंबरचा उपयोग जुळवाजुळवीसाठी करायचा. गिब्सनचं उदाहरण घ्या. १९७७ ते २००५ या काळातल्या त्यांच्या बहुतेक गिटारवर आठ आकडे असतात. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ९१२३८५१२ असेल तर १९९८ सालचा १२३ वा दिवस, म्हणजे ३ मे. आता विकणारा म्हणत असेल "२००३ ची आहे", तर काहीतरी गडबड आहे. मधले तीन आकडे ३६६ च्या वर असतील तर मग बोलायलाच नको.

गिब्सन लेस पॉलवर आणखी एक सोपी खूण आहे. तारा जिथून सुरू होतात त्याच्या वर घंटेच्या आकाराची छोटी प्लेट असते. खऱ्या गिब्सनवर ती दोन स्क्रूंवर बसते. चायनीज कॉपीवर बऱ्याचदा तीन दिसतात.

गिव्हसन आणि हॉबनरचं काय?

जुन्या गिटारमध्ये ही नावं हमखास सापडतात आणि पोरं त्यांना 'डुप्लिकेट' म्हणून हसतात. गिव्हसन हा कोलकात्याचा जुना भारतीय ब्रँड आहे. हॉबनरही भारतीयच, जर्मन होनर वेगळी कंपनी. नावं अशी का ठेवली ते कोणीही ओळखेल, पण ओरिजनल गिव्हसन ही ओरिजनल गिव्हसनच असते. तिला गिब्सनचे पैसे देऊ नका, एवढंच.

प्रत्यक्ष भेटल्यावर

टेप घेऊन जा. तारा सुरू होतात त्या नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. स्ट्रॅटोकास्टरचं उत्तर ६४८ मिलीमीटर, लेस पॉलचं साधारण ६२८ यायला हवं. मग मोबाईलवर ट्यूनर ॲप लावून मोकळी तार आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्हींचा सूर एकच यावा, फक्त एक सप्तक वर. थोडा फरक ब्रिजचे स्क्रू फिरवून जातो. ते फिरवूनही जमत नसेल तर सोडून द्या.

मल्टीमीटर असेल तर माझा आवडता प्रकार करा. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन फुल ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या पिनचं टोक व मागचा भाग यांच्यात रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉइल पिकअप साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो, हंबकर ७ ते ९ किंवा जास्त. याने ब्रँड सिद्ध होत नाही, पण आतली वायर तुटलेली नाही हे ॲम्प नसतानाही कळतं. विकणारा तयार असेल तर पुढची प्लेट उघडून व्हॉल्यूमच्या पॉटची पाठ बघा. अमेरिकन गिटारमध्ये बऱ्याचदा सीटीएस कंपनीचा पॉट असतो आणि त्यावर १३७ ने सुरू होणारा कोड. त्यानंतरचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. पॉट सिरीयलच्या वर्षापेक्षा नवा निघाला तर तो बदललेला आहे, नाहीतर नंबर खोटा आहे.

एक खास आपल्याकडचं. फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचत असतील तर लगेच कॉपी समजू नका. अकोल्याच्या ४५ डिग्रीच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि धातूची टोकं बाहेर येतात, चांगल्या गिटारचीसुद्धा. कारागीर कानस मारून देतो. तो खर्च किमतीतून कापून मागा.

पैसे देताना

जाहिरातीचा फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाका, चोरलेला असेल तर बऱ्याचदा तिथेच दिसतो. मग कागदावर आजची तारीख लिहून तो गिटारवर ठेवून नवा फोटो मागा. "आर्मीत आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो" असं ऐकलं तर ॲडव्हान्स देऊ नका. गिटार विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

मावसभावाने त्या माणसाला सिरीयल दाखवून स्क्वायरचा भाव सांगितला. "लोगो तर फेंडरचाच हाय ना बाप्पा," असं उत्तर आलं. त्यानेही मीच घेतली तेव्हा लोगो असाच होता म्हणे, खरंही असेल. शेवटी ९ हजारांत सौदा झाला आणि गिटार मस्त वाजते.