केबी, एमबी, जीबी: मोबाइलमधली चिपटी-पायली



मागे आमच्या गटाच्या कर्जाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटचा दिवस. ठरावाच्या पानाचा फोटो काढून चढवला, तर पडद्यावर ओळ आली, 'फाइल २०० केबीपेक्षा मोठी आहे.' आम्हाला वाटलं नेटच गेलं. चार वेळा तेच केलं. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं फोटो लहान करून दिला, तेव्हा कुठे अर्ज गेला. ती भेटली नसती तर कर्ज हुकलंच होतं. म्हणून आज ही मापं समजून घेऊ.

आपल्या आज्या धान्य कसं मोजायच्या? दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोबाइलमध्येही तसंच आहे. सगळ्यात लहान दाणा म्हणजे बिट. बिट म्हणजे दिव्याचं बटण, एक तर चालू नाही तर बंद. असे ८ बिट मिळून एक बाइट होतो. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपल्या देवनागरीच्या अक्षराला बहुतेक ठिकाणी ३ बाइट लागतात. म्हणजे 'आई' लिहिलं की ६ बाइट झाले.

पुढचा हिशेब हजाराचा. हजार बाइट म्हणजे १ केबी, हजार केबी म्हणजे १ एमबी, हजार एमबी म्हणजे १ जीबी. आता आमची चूक बघा. आमचा फोटो होता ४ एमबीचा, म्हणजे ४,००० केबी. जागा होती २०० केबीची. वीसपट मोठा! पायलीभर ज्वारी चिपट्यात ओतायला गेलो होतो आम्ही.

पायली गावागावाला थोडी वेगळी असायची ना? इथंही दोन मापं चालतात. संगणक दुपटीनं मोजतो. एकाची दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ होतात, म्हणून काही ठिकाणी हजाराऐवजी १,०२४ धरतात. ६४ जीबीचं नवं कार्ड संगणकात ५९ च्या आसपास दिसतं ते यामुळे. दुकानदारानं फसवलेलं नसतं. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये दुसऱ्या मापाला किबिबाइट, मेबिबाइट अशी वेगळी नावं दिली, पण बोलण्यात ती रुळली नाहीत.

अजून एक गल्लत आपण सगळ्याच करतो. रोजचा दीड जीबी नेटपॅक वेगळा आणि फोनमधली ६४ जीबी जागा वेगळी. नेटपॅक म्हणजे नळाला रोज येणारं पाणी, जागा म्हणजे घरातला हंडा. रिचार्ज केल्यानं हंडा मोठा होत नाही. ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरत राहिले तर पाणीही संपतं आणि हंडाही भरतो. सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप उतरणं बंद करा.

जागा करायची म्हणून घाईनं फोटो पुसू नका. त्यात गटाच्या वहीची, पावत्यांची पानं असतात. आधी ती दुसरीकडे उतरवून ठेवा, मग शुभेच्छांचे व्हिडिओ पुसा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपला एक फोटो उघडून 'डिटेल्स' बघा. तो किती केबीचा, किती एमबीचा, ते मोठ्यानं वाचा. अर्ज भरताना आधी मर्यादा वाचा, कडेचा भाग कापून फोटो लहान करा, आणि अक्षरं वाचता येतात ना, ते बघूनच पाठवा. पुढच्या वेळी शेजारची मुलगी शोधायची वेळ आपल्यावर यायला नको!